टिकलीखालचा डाग

मी मुळात काळजी करणारी बाई. दुधावर झाकण नीट बसलं आहे का, हे मी तीनदा बघते. नवऱ्याला घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला की माझ्या मनात त्याचा ट्रक कलंडून, पंचनामा होऊन, सगळं आटोपलेलं असतं. यावरून घरात माझी थट्टा चालते, अजूनही. तेव्हा एवढ्याशा डागासाठी ही बाई इतकी का धास्तावली असं कुणाला वाटलं, तर माझी काही तक्रार नाही. पण तो डाग माझ्या कपाळावर होता, आणि घरात नणंदेचं लग्न ठरायचं होतं.

लग्न होऊन मी डिचोलीजवळच्या पाळी गावात आले तेव्हा आजूबाजूच्या खाणी जोरात चालू होत्या. माझं माहेर पेडण्यात, हरमलजवळच्या एका वाड्यावर. तिथे घरात वाळू यायची, इथे खाणीची तांबडी धूळ. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर, पाण्याच्या कळशीवर, सकाळी पोदेर ठेवून जायचा त्या पावाच्या पिशवीवरसुद्धा धूळ. नवरा खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यावर माल नेणारा ट्रक चालवायचा. घरात आम्ही दोघं, माझ्या सासूबाई आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान नणंद. सासरे जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

माहेरी आम्ही पिंजर लावायचो, म्हणजे कुंकू. आधी बोटाने मेण, मग त्यावर पिंजर. पाळीच्या घामात आणि धुळीत ती दुपारपर्यंत ओघळून नाकावर यायची. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात चिकटणाऱ्या टिकल्यांची पाकिटं मिळायची. मी एक घेतलं, मखमली, डाळिंबी रंगाचं. सकाळी लावली की दिवसभर हलायचं नाव नाही. आंघोळीच्या वेळी काढायची, न्हाणीच्या दाराला चिकटवायची आणि अंग पुसलं की परत कपाळावर. एक टिकली मी आठ-आठ दिवस पुरवायची आणि त्याचा मला अभिमान होता. न्हाणीच्या दारावर माझ्या जुन्या टिकल्यांची रांग लागलेली असे. नणंद म्हणायची, "वैनी, दाराक पण घोव मिळालो गो." घोव म्हणजे नवरा.

पहिल्या उन्हाळ्यात कपाळाला खाज सुरू झाली. टिकली असे तिथेच, बारीक पुटकुळ्या. मला वाटलं घामोळं. त्यावर पावडर मारली, पावडरवर टिकली चिकटेना म्हणून ती जागा साबणाने खसखसून धुतली. साबण चांगला वासाचा होता, लग्नातला, जपून ठेवलेला. त्याने आग झाली. मग मी लिंबू लावलं, कारण कुणीतरी सांगितलं होतं की लिंबाने कातडी साफ होते. रात्रंदिवस बोट तिथे जायचं. पुटकुळ्या दिसू नयेत म्हणून मी थोडी मोठी टिकली घेतली. कडेला लाली दिसायला लागली की आणखी मोठी.

एका सकाळी टिकली काढली आणि आरशात पाहिलं, तर खाज नव्हती, पुटकुळ्याही नव्हत्या. तिथे रंगच नव्हता. वालाच्या दाण्याएवढी जागा पांढरी पडली होती, स्वच्छ पांढरी, टिकलीच्या आकाराची. मी न्हाणीतच खाली बसले. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय झाला गो?" मी म्हटलं, "काय नाय, साबण पडलो."

माझ्या मनात एकच शब्द आला, कोड. आमच्याकडे हा शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही. माहेरच्या वाड्यावर एक बाई होती, तिच्या हाताला पांढरे डाग होते, आणि तिच्या धाकट्या बहिणींची लग्नं त्या घरातून होता होता राहिली होती. इथे माझ्या नणंदेला आमोण्याचं स्थळ आलं होतं. शेतीवाडीचं घर, मुलगा शाळेत शिक्षक. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की ते बघायला येणार होते. आता मी त्या घरची सून, माझं रक्त वेगळं, माझ्या कपाळाशी नणंदेचा काय संबंध? पण सोयरीक मोडायची म्हटली की लोक इतका विचार करत नाहीत. त्या घरात पांढरं आहे, एवढं पुरतं.

मी टिकली परत लावली. तीच टिकली, त्याच जागेवर. आज हे लिहिताना मला स्वतःच्याच थोबाडीत दोन माराव्याशा वाटतात, पण तेव्हा झाकण्यासाठी माझ्याजवळ दुसरं होतं काय? डाग वाढला तशी मी टिकली वाढवत गेले. टिकली वाढली तसा डाग वाढला. हा खेळ दोन महिने चालला. सासूबाई एकदा माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ही टिकली काय गो, पापड?" सगळे हसले. मीही हसले आणि आत जाऊन आरशात कड तपासली.

नारळी पौर्णिमेला माहेरी गेले तेव्हा आईला दाखवलं. आईने आधी दार लावलं. मग माझं कपाळ जनेलाकडे वळवून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "घोवाक सांगू नको," ती म्हणाली. "सासयेक तर नकोच नको." दुसऱ्या दिवशी ती कुठल्याशा वैदूकडून बावचीचं तेल घेऊन आली. झाडपाल्याचं आहे, त्याने काही वाईट होत नाही, असं ती म्हणाली. तेल लावून उन्हात बसायचं. मी दोन दिवस परसात चटईवर तोंड वर करून बसले. तिसऱ्या दिवशी कपाळावर भाजल्यासारखा फोड आला, त्यातून पाणी वाहायला लागलं. आई रडली. मी फोडावर फडक्याची घडी ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि पाळीची बस धरली. दार लागलं म्हणून सांगायचं ठरवलं होतं.

पाळीला उतरले तर नणंद पाणी भरायला निघाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, हातातली कळशी खाली ठेवली आणि पदर बाजूला केला. मग फडकं उचललं. फोड सुकत आला होता, त्याच्या भोवती पांढरं चक्क दिसत होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. टिकली, लिंबू, बावची, आमोण्याचं स्थळ. बोलता बोलता मला हुंदका आला. मी तिला म्हटलं की तुझं लग्न माझ्या पायी मोडणार, आणि मग मी या घरात कुठल्या तोंडाने राहू? ती माझ्याहून लहान, पण त्या दिवशी ती मोठ्या बहिणीसारखी माझ्यावर चिडली.

"माझी सोयरीक ऱ्हवांदे बाजूक," ती म्हणाली. "आदी दाक्तराकडे जावया. शुक्रवारी म्हापशाक. लुगडा घेवक जातव म्हणान सांगूया."

अशा रीतीने आम्ही लुगड्याच्या निमित्ताने म्हापशाला गेलो. त्वचेच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, आवाज बारीक, पण बोलणं ठाम. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. कपाळावर कापसाचा बोळा टेकला की सांगायचं, असं म्हणाल्या. मला लगेच कळलं की त्या कसली तपासणी करतायत. कोडाच्या भीतीत मला महारोगाची भीती सुचलीच नव्हती, ती आता सुचली. कापूस लागायच्या आधीच मी दोनदा "लागला" म्हणाले. त्या हसल्या. "बाई, मला काम करू दे," म्हणाल्या. कापूस लागत होता. तीही भीती तिथेच संपली.

मग त्यांनी विचारलं, कपाळाला काय काय लावतेस? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, पिशवी दाखव. माझ्या पिशवीतून पावडरची डबी निघाली, वासाची क्रीम निघाली, पिंजरीची कुयरी निघाली आणि टिकल्यांची तीन पाकिटं निघाली, लहान, मध्यम, मोठी. बाईंनी ती मेजावर ओळीने मांडली. माझी चोरी पकडल्यासारखं मला झालं.

त्यांनी टिकली, पावडर आणि पिंजर असं थोडं थोडं माझ्या दंडाच्या आतल्या बाजूला ठेवलं, वर पट्टी लावली आणि दोन दिवस भिजवू नको म्हणून बजावलं. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सासूबाईंच्या नजरेपासून दंड लपवत मी आंघोळ करायची. पट्टीखाली एका कोपऱ्यात खाजत होतं, पण नक्की कुठल्या कोपऱ्यात ते मला कळेना. मनाशी मी देवाला सांगत होते की टिकलीच असू दे, आणि लगेच दुसरा विचार यायचा, टिकलीच असली तर मग मी लावू काय?

टिकलीच होती. बाईंनी पट्टी काढली तेव्हा पावडरीची आणि पिंजरीची जागा साधी होती, आणि टिकलीची जागा लाल, गोल, सुजलेली. ब्लाउज शिवायला टाकायचा म्हणून नणंद परत माझ्याबरोबर आली होती. ती वाकून बघत म्हणाली, "बरोबर छाप उठलो बघ."

डॉक्टरीणबाईंनी मग सावकाश समजावलं. टिकलीच्या मागे जी खळ असते, त्यातल्या एका रसायनाशी माझ्या कातडीचं वैर झालं होतं. असं वैर पहिल्या दिवशी होत नाही. महिनोन्‌महिने लावत राहिलं की एक दिवस अंग ती वस्तू ओळखायला लागतं, आणि एकदा ओळखलं की विसरत नाही. यालाच ऍलर्जी म्हणायचं. वर ते रसायन कातडीचा रंगही खातं. हा डाग म्हणजे कोड नव्हे, कुणाला लागायचा नाही, मुलाबाळांत उतरायचा नाही. पण टिकली लावत राहिलीस तर पांढरं वाढत जाईल आणि मग रंग परत येईल याची मी खात्री देणार नाही, असं त्या म्हणाल्या. झाडपाल्याचं म्हणजे सौम्य, हेही डोक्यातून काढायला सांगितलं. बावची झाडपाल्याचीच, लिंबूही झाडाचंच. तोंडाला बिनवासाचा साधा साबण, तोही थोडा. साधं खोबरेल. कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या लवणीत आठवडाभर रोज लावून बघायची, तिथे काही झालं नाही तरच तोंडाला. एक मलमाची ट्यूब दिली.

"आणि कपाळ मोकळं ठेवायचं," त्या म्हणाल्या. "पिंजरसुद्धा नको. निदान सहा महिने."

मी म्हटलं, "माझा घोव ट्रक चालवतो."

बाईंना ते समजलं असावं. त्या म्हणाल्या, "कपाळ तुझं आहे. मी औषध सांगितलं."

परतीच्या बसमध्ये मी टिकली काढली नाही. पाळीच्या स्टॉपवर उतरलो तेव्हा नणंदेने माझ्या कपाळावरून ती नखाने काढली आणि रस्त्याच्या कडेला टाकली. घरी जाऊन तिनेच सगळं सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि "बरां" म्हणून परत सुपात मान घातली. त्या एका शब्दाचा मी पंधरा दिवस अर्थ लावत होते. रागावल्या असतील, असंच मला वाटत होतं. त्यांच्या मुलाच्या जिवावर मी माझं कपाळ सांभाळत होते ना.

नवऱ्याला मी घाबरत घाबरत विचारलं की, अहो, तुम्हाला काही वाटत नाही का? तो बूट काढत होता, मोजे तांबडे, पाय तांबडे. "ट्रकाचे ब्रेक काय तुझ्या टिकलेर चलतत?" त्याने विचारलं आणि न्हाणीत गेला. मला बरं वाटायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर घाटीवर ब्रेकचा कर्कश आवाज झाला आणि माझा हात कपाळाकडे गेला. रोज असंच व्हायचं. शेजारीण एकदा माझं कपाळ बघून तशीच आत डोकावली, घरात रडारड आहे की काय ते बघायला. बाजारात भाजीवालीने मला वहिनीऐवजी नुसतं "बाये" म्हटलं आणि आवाज हळू केला. मी तिला ओरडून सांगितलं, माझा घोव जिवंत आहे. ती बिचारी घाबरली.

चवथ झाली आणि आमोण्याची माणसं आली. मुलगा, त्याचे वडील आणि आई. सकाळी मी मोठ्या टिकलीचं पाकीट ट्रंकेतून काढलं होतं. दोनच तासांचा तर प्रश्न होता. ती कपाळापर्यंत नेली आणि नणंदेचा आवाज ऐकून परत ठेवली. साडी नेसून ती आरशात बघायला आली होती. तिने पाकीट बघितलं होतं. मी तशीच बाहेर गेले. डाग फोडानंतर जरा लहान झाला होता, तरी पांढराच होता.

चहा झाला, शिरा झाला, मुलाने नणंदेला कितवीपर्यंत शिकलीस ते विचारलं. मुलाची आई ठसठशीत बाई होती, कपाळावर मोठी काळपट लाल टिकली. ती बोलत होती सासूबाईंशी आणि बघत होती माझ्याकडे. मी शिऱ्याची बशी पुढे केली तेव्हा तिची नजर माझ्या कपाळावर होती. चहा दिला तेव्हाही. मला खात्री झाली की झालं, आता घरी जाऊन हे लोक नकार कळवणार.

निघायची वेळ झाली. सवाशिणीला हळद-पिंजर लावल्याशिवाय घरातून पाठवायचं नाही, ही रीत. सासूबाई विधवा, त्यांनी लावायची नाही. घरात सवाशीण मी एकटी. मी करंडा घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. हळद लावली, मग पिंजरीचं बोट तिच्या टिकलीच्या वर टेकवलं. ती किंचित मागे सरली. त्या वेळी मी इतकी घाबरले होते की तिने असं का केलं हे मला सुचलंच नाही. रीतीप्रमाणे तिनेही पिंजर बोटावर घेतली आणि माझ्या कपाळाकडे हात आणला.

"नको," मी म्हणाले आणि मान मागे घेतली.

तिचं बोट तसंच वर राहिलं. "सवाशीण मगे तू?" तिने विचारलं. "मग कपाळ मोकळा कित्याक? आणि तो डाग कसलो?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, बसल्या जागेवरून.

"टिकलेच्या खळीन पडलो तो डाग. म्हापशाच्या दाक्तरान काय लावू नको म्हणान सांगल्यान हा. कोड न्हय तो."

तो शब्द त्यांनी मोठ्याने उच्चारला, पाहुण्यांसमोर. नणंदेने खाली बघितलं.

"तां खरां," मुलाची आई म्हणाली. "पण घोव ट्रकार आसताना..."

"मी रोज लावी होतंय," सासूबाई म्हणाल्या. "एक दिस चुकवक नाय. तो गेलो त्या दिसाय लावलेली होती माझ्या कपाळार."

इतकंच बोलून त्या उठल्या आणि पाहुण्यांच्या पिशवीत घालायला नारळ आणायला आत गेल्या. बारा वर्षांत त्या सासऱ्यांच्या जाण्याबद्दल बोललेल्या नव्हत्या, निदान माझ्यासमोर तरी. पंधरा दिवस मी ज्याला राग समजत होते तो राग नव्हताच. मला तिथेच रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

मुलाच्या आईने बोटावरची पिंजर परत करंड्यात झटकली. हात धुवायचे आहेत म्हणाली. मी तिला परसातल्या पाण्याच्या दगडी दोणीकडे घेऊन गेले आणि हातावर पाणी घातलं. हात धुऊन झाले तरी ती जाईना. दाराकडे एकदा बघितलं, मग नखाने स्वतःची टिकली एका कडेने उचलली.

खाली पांढरं होतं. माझ्या डागाच्या दुप्पट, कडेला लाल.

"घरात कोणाक म्हायत नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "आठ वर्सां झाली. तो म्हापशाचो दाक्तर खंय बसता?"

मी तिला सांगितलं, बाजाराच्या मागच्या बाजूला, जिना चढून. साबणाचं सांगितलं, कोपराच्या लवणीचं सांगितलं, टिकली आजच्या आज टाका म्हणून सांगितलं. तिने मान हलवली. मग ती टिकली बोटाने दाबून परत बसवली, पदर सारखा केला आणि बाहेर माणसांत गेली.

सोयरीक जमली. माझ्या कपाळाचा रंग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भरून आला, आज शोधूनही सापडत नाही. नवरा आता घरीच असतो आणि माझ्या काळजीवर हसतो. नणंद आमोण्याला नांदायला गेली त्याच वर्षी सासूला म्हापशाला घेऊन गेली, आणि तिथल्या न्हाणीच्या दारावरच्या सासूच्या टिकल्या तिने स्वतः खरवडून काढल्या. तेव्हापासून त्या घरात टिकली आली नाही. पण तिच्या सासूचा डाग भरला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन-तीन वर्षं आधी आली असतीस तर.